डॉईल ड्रायव्हरचं आडनाव

मायकेल डॉईल हा मिरज जंक्शनवर इंजिन ड्रायव्हर होता आणि मी तिथंच पार्सल ऑफिसात कारकून. मी धनपाल चौगुले, नांद्र्याचा. आमचं जैनाचं घर, शेती थोडी, म्हणून मॅट्रिक झाल्यावर रेल्वेत चिकटलो. डॉईलची आणि माझी ओळख टाइपरायटरमुळं झाली. त्याची शाळा चौथीत सुटलेली. इंग्रजी बोलायचा झकास, पण लिहायला बसला की घाम फुटायचा. वरच्या साहेबांना अर्ज करायचा असला की तो पार्सल ऑफिसात येऊन गासडीवर बसायचा, मराठीत सांगायचा आणि मी इंग्रजीत टाइप करायचो.

त्याचे आजोबा आयर्लंडमधून आलेले, इंग्रजांच्या तोफखान्यातले गोलंदाज. बेळगावच्या छावणीत होते. तिथंच त्यांनी एका देशी बाईशी लग्न केलं आणि परत गेले नाहीत. बाप हुबळीला रेल्वेत फिटर, आणि हा मिरजेला. रंगानं डॉईल माझ्यापेक्षा सावळा होता. खाकी पॅन्ट, डोक्याला तेलकट रुमाल, तोंडात इकडची भाषा. बाजारातल्या लोकांना डॉईल हे नाव काही जिभेवर बसलं नाही, ते त्याला डोळेसाहेब म्हणायचे. नवीन आलेल्या भाजीवाल्याला तर वाटायचं हा कुणी बाटलेला ब्राह्मण आहे.

बायको ॲग्नेस एकोणचाळीस साली विषमज्वरानं गेली. मागं एकच मुलगी, मॉरीन. ती आईवर गेलेली, गोरी, भुऱ्या केसांची. मिरजेतच नर्सचं शिक्षण घेत होती. बापलेक बाजारातून निघाले की अनोळखी माणूस वळून बघायचा. मॉरीन तेव्हा दोन पावलं पुढं चालायची. डॉईलला ते कळत असणार, पण तो बोलत नसे.

बेचाळीसपासून पुढची तीन वर्षं आठवली की मला अजून पाठ दुखल्यासारखं होतं. लढाईच्या गाड्या, पलटणीच्या गाड्या, त्यात आमच्या भागात चळवळ पेटलेली. रूळ कुठं उखडलेला असेल याचा नेम नाही. ताकारी ते कराड एवढ्या पट्ट्यात डॉईल गाडी माणसाच्या चालीनं न्यायचा, मान बाहेर काढून. फायरमन होता आकाराम माळी, पलूसजवळच्या खेड्यातला. फायरबॉक्समध्ये कोळसा मारून मारून त्याचे दंड दगडासारखे झाले होते. दोघं सोळा-सोळा तास इंजिनावर असायचे. उतरले की बोलायचंही त्राण नसायचं. कितीदा तरी डॉईल क्वार्टरपर्यंत न जाता पार्सलच्या गासड्यांवरच आडवा झालेला मी बघितला आहे.

चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात बेळगावहून एक पाद्री आला, फादर नोलन. पलटणीचा पाद्री, स्वतः आयरिश, साठीला आलेला, दम्यानं बेजार. महिन्यातून एकदा रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये तो प्रार्थना घ्यायचा. अशाच एका रविवारी मेणबत्त्यांची पेटी पार्सलनं आली होती ती मी पोचवायला गेलो, आणि चहा प्यायला लावलं म्हणून व्हरांड्यात थांबलो. ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका अशी दहाबारा माणसं होती. सगळी थकलेली. कुणालातरी वाटलं काही मनोरंजन व्हावं, आणि गार्ड टेलरनं फादरला विचारलं, आमच्या आडनावांना काही अर्थ असतो का हो?

फादरला हा विषय आवडीचा निघाला. तो म्हणाला, टेलर म्हणजे शिंपी, यात विचारायचं काय. कार्टर म्हणजे गाडीवान, आणि तू रेल्वेत आलास म्हणजे वाडवडलांचाच धंदा पुढं चालवलास. वॉकर म्हणजे नुसता चालणारा, असं सगळ्यांना वाटत होतं. पण फादर म्हणाला की पूर्वी तिकडं लोकरीचं कापड पाण्यात घालून पायांनी तुडवायचे, म्हणजे ते घट्ट होतं, तर तसं तुडवणारा तो वॉकर. वॉकरची बायको यावर बराच वेळ हसत होती. मग फादरनं इंग्रजांची पद्धत सांगितली: कुणी धंद्यावरून, कुणी गावावरून, कुणी बापाच्या नावावरून, कुणी अंगच्या खोडीवरून. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडं लोहार, सुतार, माळी हेच आहे, गावाला 'कर' लावला की झालं, आणि माझं चौगुले तर गावकामगाराच्या हुद्द्यावरून आलेलं.

आयरिश लोकांचं जुनं असतं, फादर म्हणाला. 'ओ' म्हणजे नातू, 'मॅक' म्हणजे मुलगा. कुणा पराक्रमी आजोबाचं नाव घ्यायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे नातू म्हणवून घ्यायचं. पुढं इंग्रजांचा अंमल आला तेव्हा पुष्कळांचा 'ओ' गळाला. स्वतःच्या नावाचंही त्यानं सांगितलं. नोलन म्हणजे नामवंत, आणि मला तर माझ्या गल्लीतलं कुत्रंही ओळखत नाही, असं म्हणून तो खोकत बसला.

डॉईल कोपऱ्यात खुर्चीवर होता. त्यानं विचारलं, "आणि माझं, फादर?"

फादरनं त्याच्याकडं बघितलं. मग मॉरीनकडं बघितलं. म्हणाला, डॉईल मोठं घराणं आहे, फार जुनं आहे, पण नेमका अर्थ मला पुस्तकात बघावा लागेल, पुढच्या खेपेस सांगतो. आणि त्यानं लगेच दुसरा विषय काढला. ज्या माणसाला वॉकरचा अर्थ माहीत होता त्याला स्वतःच्या मुलखातलं नाव माहीत नसावं, हे मला तेव्हाच खटकलं. पुढच्या खेपेस डॉईल ड्यूटीवर होता, त्याच्या पुढच्या खेपेस फादरचा दमा वाढला, आणि सेहेचाळीस साली तो मायदेशी निघून गेला.

इंग्रजांचं राज्य गेलं आणि सत्तेचाळीसच्या पावसाळ्यानंतर रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन लोकांची कॉलनी रिकामी व्हायला लागली. टेलर ऑस्ट्रेलियाला गेला. कार्टरची माणसं इंग्लंडला. वॉकरनं कपाटं, पलंग, पियानो लिलावात काढले. प्रत्येक जाणाऱ्याचं सामान माझ्या हातून जायचं. लेबलांवर नावं लिहून लिहून मला ती पाठ झाली होती. शिंपी गेला, गाडीवान गेला, असं मी मनात म्हणायचो आणि पुढची पेटी ओढायचो.

मॉरीन तेव्हा चोवीसची होती. तिनं बापाला सांगितलं की मला इंग्लंडला जायचंय, आणि तुम्हीही चला. इथं आपलं कोण आहे? डॉईलला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. पण मुलीसाठी त्यानं हालचाल सुरू केली. कागद असा हवा होता की डॉईलचे आजोबा खरोखरच तिकडं जन्मले. त्यासाठी तो बेळगावला गेला, चर्चमधलं जुनं रजिस्टर काढायला लावलं. परत आला तो सरळ माझ्याकडं. म्हणाला, आजोबाचं नाव सापडलं, पॅट्रिक डॉईल, गोलंदाज. लग्नाची तारीख सापडली. आजीच्या जागी फक्त लिहिलंय, मारिया, देशी बाई, बाप्तिस्मा त्याच दिवशी.

"तिचं खरं नाव काय ते लिहिलंच न्हाई," तो म्हणाला. "गाव न्हाई, बापाचं नाव न्हाई. म्या पाद्र्याला म्हनलं, आवं, शेजारच्या पानावर तरी असंल. न्हाई."

मग आम्ही फादर नोलनला पत्र टाइप केलं. पत्ता बेळगावच्या पाद्र्यानं दिलेला. आजोबाचं नाव, पलटण, अंदाजे जन्मसाल, आणि वेक्सफर्ड हे तिकडच्या गावाचं नाव, जे डॉईलनं बापाच्या तोंडून लहानपणी ऐकलं होतं. शेवटी मी आपला विचारायचं म्हणून विचारलं, अजून काही लिहायचं? तो गासडीवरून उठला. मग म्हणाला, लिही, त्या दिवशी अर्थ सांगायचा राहिला होता.

उत्तराला साडेतीन महिने लागले. अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत एक जाड पाकीट आलं. डॉईल त्या दिवशी कराडहून गाडी घेऊन आला होता, आकारामही बरोबर होता. दोघं ऑफिसात आले, हातापायाला कोळसा तसाच. पाकीट मी फोडलं आणि आकारामलाही कळावं म्हणून वाचून मराठीत सांगू लागलो.

पहिल्या कागदावर दाखला होता, शिक्क्यासह. फादरनं लिहिलं होतं की वेक्सफर्डकडं दर तिसरं घर डॉईलचं आहे. त्या सालात तीन पॅट्रिक डॉईल जन्मले. एक पोरपणी वारला, एक गावातच म्हातारा होऊन वारला. तिसऱ्याच्या भावाचा नातू अजून तिथं आहे, आणि त्यांच्या घरात अशी आठवण आहे की एक आजोबा तोफखान्यात जाऊन हिंदुस्थानात राहिला. तोच तुझा, असं समजायला हरकत नाही, आणि तिथल्या पाद्र्यानं तसा दाखला दिला आहे.

दुसऱ्या कागदावर अर्थ होता. मी तो आधी मनात वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"वाच की," डॉईल म्हणाला.

मी वाचलं. हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून जहाजं घेऊन परकी माणसं आयर्लंडात आली, त्यांनी लुटालूट केली आणि मग तिथंच घरं केली. तिथले लोक त्यांना त्यांच्या भाषेत म्हणायचे, काळा परका. त्या शब्दाचंच पुढं डॉईल झालं. फादरनं पुढं लिहिलं होतं: त्या दिवशी व्हरांड्यात मला हे माहीत होतं, पण तुझ्या तोंडावर चार लोकांत सांगायला जीभ उचलली नाही. लोकांनी त्याची थट्टा केली असती आणि ती तुझ्या जन्माला चिकटली असती. खोटं बोललो त्याची क्षमा कर. शिवाय 'काळा' हा शब्द त्यांच्या केसांमुळं की चिलखतामुळं, हे कुणालाच ठाऊक नाही.

आकाराम दारातल्या पेटीवर टेकला होता. त्यानं विचार केला आणि सरळ मनानं म्हणाला, "म्हंजी तितंबी तुमी भायेरचंच म्हना की, साहेब."

"व्हय," डॉईल म्हणाला.

मला वाटलं तो चिडेल, निदान हसेल तरी. रुमाल सोडून त्यानं तोंड पुसलं, कोळसा अजूनच पसरला. मग म्हणाला, "हजार वरसं झाली गड्या. हजार वरसं ऱ्हाऊन बी त्यास्नी परकाच म्हनत्यात. आमी तर इथं तीनच पिढ्या." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "म्या दमलोय, आकाराम. आता कुटं बी जाऊन नवा परका हुयाचं माझ्यात बळ न्हाई."

दुसरा कागद त्यानं घडी करून वरच्या खिशात ठेवला. पहिला मॉरीनला दिला. दुसऱ्याबद्दल तिला काही सांगू नकोस, म्हणाला. तिला त्या नावावर जायचंय, तिचं नाव तिच्याजवळ चांगलं असू दे.

जूनमध्ये तिघं मुंबईला गेलो. मी गेलो कारण डॉईलला कागदपत्रांची धास्ती होती. इंग्लंडला जायचे कागद देणाऱ्या कचेरीत बाहेर लाकडी बाक होता. मॉरीनला आत बोलावलं. दाराशी ती थांबली आणि तिनं बापाकडं बघितलं. चला म्हणाली नाही. येऊ नका असंही म्हणाली नाही. डॉईलनंच बाकावर हात टेकला आणि म्हणाला, माझे गुडघे दुखतात, तू जा, धनपाल कागद घेऊन येईल. मी तिच्या मागं आत गेलो. साहेब सभ्य होता. त्यानं दाखला बघितला, बेळगावचा उतारा बघितला, चार प्रश्न विचारले, तिच्याकडं एकवार बघितलं आणि काम मार्गी लावलं. वडील येणार नाहीत का, एवढं त्यानं विचारलं. मॉरीन म्हणाली, त्यांचं अजून ठरलेलं नाही. बाहेर आलो तर डॉईल बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. मॉरीन त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं.

पुढं ऑगस्टात बोटीवर सोडायला तो एकटाच गेला. त्या दिवसाबद्दल त्यानं मला एवढंच सांगितलं की धक्क्यावर गर्दी फार होती आणि तिची टोपी निळी होती म्हणून शेवटपर्यंत दिसली. रडणं वगैरे झालं का, मी विचारलं नाही.

सप्टेंबरात तो निवृत्त झाला. महिन्याच्या आत क्वार्टर सोडायचं होतं. मिरजेत खोली बघितली, पण एकट्याचं मन लागेना. तेव्हा आकारामनं त्याच्या गावच्या लालासाहेबांकडं शब्द टाकला. लालासाहेब ऊस बागायतदार, पलटणीतून आलेला माणूस. त्यानं विहिरीवर नवं तेलाचं इंजिन बसवलं होतं आणि गावात ते धड कुणाला चालवता येत नव्हतं. रोज बंद पडायचं. डॉईलनं ते दोन तासांत सुरू करून दाखवलं. लालासाहेबांनी विहिरीजवळची कौलारू खोली दिली. जेवण त्यांच्या घरून, शालूबाई म्हणजे लालासाहेबांची बायको न चुकता भाकरी पाठवायची. सुरुवातीला तिनं त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं, तो साहेबाच्या जातीचा म्हणून. दोनतीन महिन्यांत ते आपोआप मागं पडलं, कारण ताटं वेगळी ठेवायचा तिलाच कंटाळा आला, असं आकाराम म्हणायचा.

एकोणपन्नासच्या मार्चात मॉरीनचं पत्र पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि रजेच्या दिवशी मी ते घेऊन किर्लोस्करवाडीला उतरलो. तिथून चालत गेलो. ऊन कडक होतं. डॉईल इंजिनापाशी उकिडवा बसून पट्टा शिवत होता. केस सगळे पिकलेले. मला बघून उठला नाही, हातानं बस म्हणाला.

पट्टा शिवून झाल्यावर मी पत्र वाचलं. मॉरीन लिव्हरपूलला इस्पितळात होती. काम खूप, थंडी हाडात शिरते, रेशनवर लोणी मिळतं पण बोटभर. मग तिनं लिहिलं होतं की माझ्या वॉर्डात वेक्सफर्डचा एक म्हातारा खलाशी आहे. माझ्या छातीवरचं नाव वाचून तो हसला आणि म्हणाला, पोरी, तुझ्या नावाचा अर्थ ठाऊक आहे का, काळा परका. मी म्हटलं, काहीतरीच काय. मग त्यानं सगळं सांगितलं. मी त्या रात्री झोपले नाही, डॅडी. मला ते बाजारातलं चालणं आठवलं, मी पुढं चालायची ते. आणि कचेरीतलं दार. फादरनं तुम्हाला हे कळवलं होतं का?

मी वाचायचा थांबलो. इंजिन बंद असल्यामुळं रान शांत होतं.

"लिव्ह, व्हय म्हनून," डॉईल म्हणाला.

मी वही काढली. होय, मला माहीत होतं, एवढं लिहिलं आणि पुढचं विचारलं. त्यानं हाताचं तेल रुमालाला पुसलं. मग म्हणाला, तिला लिही की कचेरीत माझे गुडघे खरंच दुखत होते. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली, लिही म्हणून. मी लिहिलं. आणि लिही की कान झाकून हिंडत जा. आणि त्या म्हाताऱ्याला माझा सलाम सांग.

त्यात आणखी काही घालावं असं मला वाटत होतं, पण त्याला नको होतं. खाली त्यानं स्वतःच्या हातानं सही केली. एवढं एक त्याला नीट येत होतं.

दुपारी शालूबाईची भाकरी आली. जेवून तो पुन्हा उठला, कारण उसाचे अजून दोन वाफे कोरडे होते. इंजिनाचं हँडल फिरवताना त्याला धाप लागली. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, तुझ्यानं व्हायचं न्हाई, कपडे खराब हुत्याल. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. पाणी पाटात आलं. ते कुठवर पोचतं हे बघायला तो बांधावरून सावकाश निघाला, आणि मी स्टेशनची वाट धरली.

त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. लालासाहेबांनी इंजिन गोणपाटात गुंडाळून ठेवलं आणि डॉईल दोन महिने आकारामच्या घरी, पुढच्या सोप्यात येऊन राहिला. आकारामची ड्यूटी आता दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर लागत होती. तो घरी आला की दोघं फार बोलत नसत. एकाच बाजल्यावर, एक उशाकडं आणि एक पायथ्याकडं, पाय पसरून पडायचे. पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, आणि डॉईल पुन्हा खोलीवर राहायला गेला.